चौथी कांडी

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भाऊजींना रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दाखल केलं. ताप एकशे तीन. सोमवारी दुपारपासून उलट्या आणि जुलाब सुरू होते, अंगात पाणी राहत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या अंगात मुळातच फारसं काही उरलेलं नव्हतं.

सात पंचवीसला भाचीचा फोन आला तेव्हा तो दाढी करत होता.

"मामा, बाबांना ॲडमिट केलंय. तू ये. आई एका जागी बसलीय नुसती, कुणाशी बोलतच नाहीये."

"काय झालं एकदम?"

"डॉक्टर म्हणतात, खाण्यातून काहीतरी गेलंय."

त्याने अर्ध्या गालावरचा फेस तसाच पुसला. खाण्यातून, हा एकच शब्द त्याच्या कानात राहिला. भाऊजी गेल्या महिनाभरात काय खात होते हे त्याला भाऊजींच्या डॉक्टरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते ज्या यंत्रावर शिजत होतं, ते त्याने निवडलं होतं.

तो एका दैनिकाच्या घरगुती पुरवणीत काम करायचा. मिक्सर, इस्त्र्या, पाण्याचे फिल्टर अशा वस्तू आणायच्या, कार्यालयाच्या मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर तपासायच्या आणि दर शनिवारी वाचकांना सांगायचं, की यातली ही घ्या. ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं 'अर्धा अंश'. एका ओव्हनचा आकडा अर्ध्या अंशाने जास्त दिसतोय म्हणून त्याने एकदा छपाईला निघालेलं पान वीस मिनिटं अडवून धरलं होतं. या नावाने कुणी हाक मारली की तो कपाळाला आठ्या घालायचा. मनातून त्याला ते आवडायचं.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. त्याला पाहिल्यावर ती उठली नाही.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली. "तू लिहिलं होतंस तस्संच केलं मी. साठ अंश, दीड तास. कात्रण लावलंय फ्रीजवर, रोज बघून करते. तरी कुठेतरी माझंच काहीतरी चुकलं."

तो काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर बाई आल्या. तरुण, भराभर बोलणाऱ्या. हातात कागद.

"गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं त्यांनी?"

ताईने शाळेत पाठ म्हणावा तसं सांगितलं. शनिवारी गाजराचं सूप, उकडून कुस्करलेला बटाटा. रविवारी दुपारी चिकन. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी आणलेलं कस्टर्ड, तेही दोनच चमचे.

"चिकन कसं शिजवलं?"

"पिशवीत बंद करून, गरम पाण्यात. ते यंत्र असतं ना, पाणी एकसारखं गरम ठेवणारं. इतकं मऊ होतं की चमच्याने तुटतं. यांना चावायला त्रास होतो म्हणून घेतलं." मग जरा मान वर करून, "हा माझा भाऊ. पेपरात लिहितो. त्यानेच तपासलंय ते."

डॉक्टर बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "साठ अंश दीड तास आतपर्यंत मिळालं असेल तर प्रश्न नाही. मिळालं होतं?"

इथे त्याला खरं उत्तर द्यायचं असतं तर ते तीन शब्दांचं होतं: मला माहीत नाही. तो म्हणाला, "यंत्र तपासलेलं आहे." आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून ताईकडे वळून म्हणाला, "कच्च्या चिकनला हात लावल्यावर हात नीट धुतले होतेस ना, ताई?"

ताईने पिशवीवरचे आपले हात पाहिले.

"धुतले होते," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "धुतले होते बहुतेक."

डॉक्टर बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. नमुने प्रयोगशाळेत पाठवले आहेत, गुरुवारी अहवाल येईल, असं सांगून त्या आत गेल्या. तो भिंतीला टेकून उभा राहिला. ज्या बाईने तीन महिने नवऱ्याला चमच्याने भरवलं, तिच्या तोंडून आपण हे 'बहुतेक' काढून घेतलं, हे त्याला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

तपासणी झाली होती दोन महिन्यांपूर्वी. अशा यंत्राला टेबलावर सगळे कांडी म्हणायचे. हातभर लांबीची, भांड्याच्या काठाला अडकवायची, आतला छोटा पंप पाणी फिरवतो आणि तार ते गरम करते. घरगुती वापराच्या पाच कांड्या आल्या होत्या. पहिली मिक्सरसारखी घुरघुरायची. दुसरी फोनला जोडल्याशिवाय साधं पाणी तापवायला तयार नव्हती, फोटोग्राफर म्हणाला, "हिच्यापेक्षा सासरेबुवा बरे, एकदा विचारलं की पुरतं." तिसरी इतकी जड की पातेलं कलंडायचं. पाचवीला पाणी तापवायला पाऊण तास. चौथी बारीक, देखणी, आणि तिला आवाजच नव्हता.

टेबलामागच्या भिंतीवर तपासणीचे नियम चिकटवलेले होते. ते त्यानेच लिहिले होते. पाणी तापवणाऱ्या कुठल्याही यंत्रासाठी: भांडं पिशव्यांनी भरलेलं हवं. तापमापकाचं टोक यंत्रापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात हवं. वाचक रिकामं पाणी शिजवत नाहीत, असं त्याखाली त्याच्याच अक्षरात होतं.

पानाची तारीख आठवडाभर अलीकडे आली. नऊ दिवसांचं काम दोन दिवसांवर आलं. लांब तारेचा तापमापक ओव्हनच्या तपासणीत अडकला होता. आखूड तारेचा होता, तो भांड्याच्या पलीकडच्या काठापर्यंत पोहोचत नव्हता. त्याने त्याचं टोक रबरबँडने कांडीलाच बांधलं. पिशव्या भरायला वेळ नव्हता, म्हणून नुसतं पाणी. कांडीला बांधलेला तापमापक कांडीजवळचंच पाणी मोजणार. पाचही जणी शंभर टक्के खऱ्या ठरल्या. तेव्हा निवड आवाजावर आली. चौथीबद्दल त्याने लिहिलं, 'इतकी शांत, की सुरू आहे की नाही ते पाहायला दिव्याकडे बघावं लागतं.' ऑफिसात हे वाक्य सगळ्यांना आवडलं.

तक्त्यात एक रकाना होता: भरलेलं भांडं. त्याने पाचही चौकटींत बरोबरची खूण केली. करताना हात अडखळला नव्हता, हे त्याला आता विशेष करून आठवत होतं.

लेख छापून आला त्याच दिवशी ताईचा फोन आला होता. "ऐक, यांच्यासाठी घ्यायचं म्हणतेय. पेपरातलं राहू दे, तू तुझ्या घरी कुठली घेशील ते सांग."

"चौथीच," तो म्हणाला होता. त्याच्या घरी एकही नव्हती. "भाऊजी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत झोपतात ना? त्यांना आवाजही यायचा नाही."

आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हा फोन आठवायला नको म्हणून तो सकाळपासून इतर सगळं आठवत होता.

"अरे, मी पलीकडच्या कडेला बोट घालून पाहिलं. इकडे चटका बसतो आणि तिकडे नुसतं कोमट लागतं. असं असतं का?"

त्याच्यासमोर तेव्हा दोन इस्त्र्या तापत होत्या. तो हसून म्हणाला होता, "बोट म्हणजे थर्मामीटर नव्हे, ताई."

तीही हसली होती. "बरं बाबा, तू म्हणशील तसं."

साडेदहाला भाचीने त्याला घरी नेलं. ताईचे कपडे, भाऊजींचा चष्मा आणि जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणायच्या होत्या. वाटेत तो ऑफिसपाशी उतरला आणि लांब तारेचा तापमापक खिशात घालून आला.

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. फ्रीजवर कात्रण, साठ अंश आणि दीड तास या शब्दांखाली निळ्या पेनाने दोन-दोन रेघा. ओट्यावर रुंद तोंडाचं मोठं पातेलं, त्याच्या काठाला चौथी कांडी. ताई दोन दिवसांचं एकदम करून ठेवायची, एका वेळी चार पिशव्या. त्याने चार पिशव्यांत बटाट्याच्या फोडी भरल्या, तोंडं बंद केली, पातेल्यात सोडल्या, साठवर कांडी लावली.

"हे काय करतोयस?" भाची दारात उभी होती. बाबांचा चष्मा तिच्या हातात.

"बघतोय जरा."

थोड्या वेळाने कांडीवर साठचा आकडा आला आणि हिरवा दिवा लागला. खरंच आवाज नव्हता. पिशव्यांमागचं पाणी हलतही नव्हतं. ज्या पंपाचा आवाज येत नाही तो पाणीही फारसं ढकलत नाही, हे कळायला यंत्र उघडावं लागत नाही. भरलेल्या पातेल्याकडे नुसतं बघावं लागतं. त्याने टोक कांडीजवळ धरलं: एकोणसाठ पूर्णांक आठ. मग तार लांबवून पलीकडच्या कोपऱ्यात, चौथ्या पिशवीच्या मागे नेली आणि घड्याळ लावून उभा राहिला. अर्ध्या तासाने आकडा एकावन्नावर होता. तासाने बावन्न पूर्णांक चार. तिथून पुढे हलला नाही.

"किती?" भाचीने विचारलं.

त्याने सांगितलं.

"साठ हवं ना?"

"हो."

"मग, मामा, हे तू आधी नव्हतं केलंस? लिहिण्याच्या आधी?"

ती चोवीस वर्षांची होती आणि लहानपणी त्याच्यासोबत बसून वर्गातल्या पट्ट्या खऱ्या तीस सेंटिमीटरच्या आहेत का ते मोजायची.

"एवढ्या भरलेल्या भांड्यात नव्हतं केलं," तो म्हणाला.

"म्हणजे थोड्या भरलेल्या भांड्यात केलं होतं?"

तो कांडीचं बटण बंद करत राहिला. ते एकदा दाबलं की पुरतं. त्याने तीनदा दाबलं.

पुरवणीच्या संपादकांना सगळे 'बाई' म्हणत. पंचवीस वर्षं बातमीच्या टेबलावर काढून त्या इकडे आल्या होत्या आणि अजून कुणाचं बोलणं ऐकताना पेन हातात धरत. दीड वाजता तो त्यांच्यासमोर बसला आणि क्रमाने सगळं सांगितलं. आकडे आधी सांगितले, भाऊजी शेवटी.

"अहवाल आला?"

"गुरुवारी."

"म्हणजे चिकननेच झालं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही."

"नाही. शेजारच्यांचं कस्टर्डही होतं." हे म्हणताना आपण सकाळपासून त्या दोन चमचे कस्टर्डसाठी मनातल्या मनात हात जोडून बसलो आहोत, हे त्याला जाणवलं. शेजारच्या काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. सत्तरीच्या होत्या त्या, भाऊजींना 'बाळ' म्हणायच्या.

बाईंनी जुना तक्ता मागवून घेतला होता. त्यांचं पेन रकान्यांवरून खाली आलं आणि थांबलं. "भरलेलं भांडं. इथे पाचही खुणा आहेत."

"त्या मी केल्या."

"भांडं न भरता?"

"हो."

बाईंनी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अर्धा अंश म्हणतात तुला," त्या म्हणाल्या. "साडेसात अंश गेले की रे." मग पेन उचललं. "आजारपण छापायचं नाही, ते सिद्ध झालेलं नाही. तपासणी चुकली, ते छापायचं. उद्याच्या अंकात, शनिवारपर्यंत थांबायचं नाही. आणखी किती घरांत ही कांडी चालू आहे आपल्याला माहीत नाही. लिही."

त्याने तिथेच बसून लिहिलं. 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं पहिलं वाक्य सुरू झालं. बाईंनी कागद ओढून घेतला.

"हा तांत्रिक कोण? मी ओळखते का त्याला?"

त्याने खोडलं. 'तपासणीत त्रुटी राहिल्या' असं लिहिलं.

"आपोआप राहिल्या?"

तिसऱ्या वेळी लिहिलं: 'परीक्षकाने तपासणीचे नियम पाळले नाहीत. भांड्यात नुसते पाणी होते; तक्त्यात ते पिशव्यांनी भरलेले असल्याची खूण परीक्षकाने केली. चौथ्या क्रमांकाचे यंत्र भरलेल्या भांड्यात सर्वत्र पुरेसे तापमान राखत नाही. वाचकांनी त्यात मांस, मासे किंवा अंडी शिजवू नयेत.' चार वाक्यं. गेल्या अकरा वर्षांत त्याने इतकं आखूड काही लिहिलं नव्हतं.

"पान सात, वरच्या बाजूला," बाई म्हणाल्या. "आणि बहिणीने हे पेपरात वाचता कामा नये. आधी तू सांग."

"हो."

"आजच."

"हो, बाई."

संध्याकाळी सहाला तो व्हरांड्यात पोहोचला तेव्हा ताई त्याच खुर्चीवर होती. कपडे बदललेले, केस तसेच. फोन कानाला. पलीकडून नणंदेचा आवाज त्यालाही ऐकू येत होता: यंत्रावर टाकून मोकळं व्हायचं, मग असंच होणार, आमच्या आईने आयुष्यभर चुलीपाशी उभं राहून केलं.

"हो वन्सं," ताई म्हणत होती. "माझ्याच हातून झालं. हो. पुन्हा नाही करणार." फोन ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. "सकाळपासून सगळ्यांना सांगितलं. लपवायचं कशाला? यांच्या ऑफिसात, काकूंना, वन्संना. सांगितलं की जरा हलकं वाटतं. चहा घेतोस?"

"ताई, बस."

"बसलेलीच आहे की."

तो शेजारच्या खुर्चीवर बसला. खुर्च्या एकाच पट्टीला जोडलेल्या होत्या. तो बसला तशी तीही जरा हलली. त्याने जे बाईंना सांगितलं तेच सांगितलं, पण क्रम लागेना. रबरबँड आधी सांगितलं, मग बटाटे, मग खूण. तो थांबला तेव्हा ती समोरच्या दाराकडे बघत होती.

"म्हणजे पलीकडे साठ नव्हतं."

"बावन्न होतं."

"मी बोट घातलं होतं."

"हो."

"कोमट लागलं म्हणून तुला फोन केला होता."

"हो, ताई."

"तेव्हा तू काय म्हणालास?"

तिला आठवत होतं, हे तिच्या आवाजावरून उघड होतं. तरी ती उत्तराची वाट बघत राहिली. एक वॉर्डबॉय औषधांची गाडी ढकलत गेला, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते लांब जाईपर्यंत त्याला वेळ मिळाला.

"बोट म्हणजे थर्मामीटर नव्हे," तो म्हणाला.

ताईने मान हलवली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. "आणि सकाळी तू मला विचारलंस, हात धुतले होते का."

'चुकलो' म्हणावं तर ती तेच सकाळपासून गावभर म्हणत होती. तो शब्द तिने त्याच्यासाठी शिल्लकच ठेवला नव्हता.

"ऑपरेशननंतर त्या चिकनची त्यांना पहिल्यांदा चव लागली," ती म्हणाली. "रविवारी म्हणाले, आणखी दे. मी दिलं. शेवटची पिशवी होती. कडेची."

आतून नर्स बाहेर आली, दारावर लटकवलेल्या तक्त्यावर आकडा लिहून परत गेली. तो सवयीने उठला आणि वाचायला गेला. तीन वाजता एकशे दोन. सहा वाजता एकशे एक पूर्णांक पाच. अर्धा अंश कमी. याला उतार म्हणायचं की नाही, हे ठरवायला तो यापुढे कुणाच्याही कामाचा नव्हता. तो खुर्चीवर येऊन बसला.

ताईने फोन उघडला, एक नंबर काढला आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवला.

"वन्संना सांग."

"आत्ता?"

"आत्ता. मग काकूंना. मग यांच्या ऑफिसात. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना. मी नावं देते."

"ताई, उद्या पेपरात येणारच आहे..."

"वन्सं पेपर वाचत नाहीत."

तिने पिशवीतून औषधाची चिठ्ठी काढून कोऱ्या बाजूने उलटी केली, पेन काढलं आणि मांडीवर नावं लिहायला घेतली. एकाखाली एक, ठळक अक्षरात. त्याच्याकडे न बघता.

प्रयोगशाळेचा अहवाल गुरुवारी येणार होता. भाऊजी डोळे मिटून पडले होते, भाची आत त्यांच्यापाशी होती. सातवं पान पाच वाजता छपाईला गेलं होतं. सहा वाजून बावीस मिनिटांनी त्याने ताईच्या फोनवरचं हिरवं बटण दाबलं. ताईच्या यादीत तोवर नऊ नावं झाली होती. पलीकडे घंटा वाजत होती.